अंगावर ‘पित्त’ उठले तर

‘डॉक्टरसाहेब, पित्त उठलं’ म्हणत रुग्ण येतो. अंगभर लाल गांधी, खाज विलक्षण. माझ्या मते हे नावच फसवे. त्यापायी लोक आम्लपित्ताची औषधे घेत बसतात. खरे तर त्वचेतून हिस्टामिन सुटते, गांधी उठतात आणि एकेक गांध बहुधा चोवीस तासांत विरते. अंगदुखीची गोळी, अँटिबायोटिक, अंडी, मासे, शेंगदाणे, गांधीलमाशीचा डंख, मुलांत साधा सर्दी-तापही पुरतो. पुष्कळदा कारण सापडतच नाही. (गाजरगवताने चेहऱ्या-मानेवर येणारी, दिवसेंदिवस टिकणारी खाज निराळी.)

आमसुलाचे पाणी खुशाल लावा, गार वाटते. मोठ्या माणसाला सेट्रिझिनची 10 मिलिग्रॅमची गोळी बहुधा पुरते. झोप येते, मोटारसायकल चालवू नये. मेडिकलमधून परस्पर स्टेरॉइड आणणे मात्र मला मुळीच पसंत नाही.

ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला किंवा चक्कर आली, तर गोळीची वाट पाहू नका. तेथे मांडीत ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शनच लागते, तेही मिनिटांत. 108 फिरवा, जवळचा दवाखाना आधी गाठा. अमरावतीचे इर्विन, अकोल्याचे सर्वोपचार त्यानंतर. ज्या औषधाने उठले त्याचे नाव चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवा.