स्कोअर कळला, रोग कळला का?
2021 च्या उन्हाळ्यात, कोविडच्या लाटेत, सातारा-सांगलीकडे फोनवर खुशाली विचारायची रीतच बदलली होती. ‘स्कोअर किती आला?’ हा पहिला प्रश्न. हा सीटी स्कॅनवरचा स्कोअर: दोन्ही फुप्फुसांचे मिळून 5 भाग, प्रत्येकाला 5 पर्यंत गुण, एकूण 25. पण हा आकडा फुप्फुस किती व्यापलंय ते सांगतो, कशानं व्यापलंय ते नाही. उदाहरणार्थ, क्षयानं कधीकाळी पोखरलेल्या पोकळीत ॲस्परजिलस बुरशीचा गोळा वाढू शकतो. सीटी स्कॅनमध्ये तो गोळा आणि त्यावर हवेची चंद्रकोर दिसते. रुग्णाला पालथं झोपवलं, की कित्येकदा गोळा जागचा हलतो. त्याच फिल्मवर दोन्ही फुप्फुसांच्या कडेला धुरकट काचेसारखे डाग दिसले, तर मात्र डॉक्टरांनी थबकायलाच हवं. हे त्या गोळ्याचं काम नव्हे, सोबत विषाणूही असू शकतो. उलटंही तितकंच खरं. कोविडसाठी स्टेरॉइड चालू, साखर चढलेली, आणि आत म्युकर ही दुसरी बुरशी हातपाय पसरतेय, हे महाराष्ट्रानं त्या वर्षी भोगलं. म्हणून चित्रावरून संशय घ्यावा. निवाडा स्वॅब, थुंकी, रक्त आणि गरज पडली तर दुर्बिणीच्या तपासणीवर सोडावा. एक निदान सापडलं म्हणून शोध थांबवणं परवडत नाही. त्यामुळे मिरजेला किंवा कराडला स्कॅनला जाल, तेव्हा जुनी फिल्म पिशवीत घाला आणि जुना क्षय, मधुमेह, चालू स्टेरॉइड हे सगळं डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगून टाका.