साडेसात हजारांत एकवीस गियर?

एसएसएलसीचा निकाल लागून पीयूसीची ॲडमिशन झाली, की बेळगावात बऱ्याच घरांत सायकलचा विषय निघतो. मग मला फोन येऊ लागतात. प्रश्न साधारण एकच असतो : "मार्टमध्ये साडेसात हजारांत एकवीस गियरची मिळते. पुढे-मागे स्प्रिंग, दोन्हीकडे डिस्क ब्रेक. सायकलच्या दुकानात मात्र तेवढ्याच पैशांत बिनगियरची साधी दाखवतात. दुकानदार फसवतोय का?"

बहुतेक वेळा तो फसवत नसतो. माझा दिवस उद्यमबागेत शाफ्ट आणि बेअरिंगच्या संगतीत जातो, म्हणून सायकलकडेही मी त्याच नजरेने बघतो. साडेसात हजार कुठे खर्च झाले, हे बघायचं. मार्टच्या सायकलीत ते दिसणाऱ्या गोष्टींवर खर्च होतात. मग न दिसणाऱ्या गोष्टींसाठी उरतंच काय?

मुळात माउंटन बाइक आली कुठून ते बघू. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडायचे. १९७६ साली त्यांनी एका उतारावर शर्यती सुरू केल्या. सुमारे दोन मैलांत तेराशे फूट उतार! मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा, की आतलं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नव्याने भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नावच 'रीपॅक' पडलं. १९७७ मध्ये जो ब्रीझने खास या कामासाठी फ्रेम बनवायला घेतली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची 'स्टंपजंपर' बाजारात आली. यातल्या एकाही सायकलीला स्प्रिंग नव्हती. रॉकशॉक्सचा सस्पेन्शन फोर्क आला १९८९ मध्ये. म्हणजे आधीची डझनभर वर्षं लोक डोंगर उतरले ते मजबूत फ्रेम, चांगली चाकं आणि भरवशाचे ब्रेक यांच्या जोरावर.

आता साडेसात हजारांच्या सायकलीकडे या. तिच्या फोर्कमध्ये असते ती नुसती स्प्रिंग. चांगल्या फोर्कमध्ये स्प्रिंगची उसळी आवरणारी तेलाची यंत्रणा असते, तशी इथे नसते. खड्ड्यात गेली की दबते आणि लगेच उसळते. चढावर उभं राहून पॅडल मारलं, तर पायातला थोडा जोर ती स्प्रिंगच खाते. मागे आणखी एक स्प्रिंग असली तर जोर तिथेही जातो, आणि काही महिन्यांनी तिथले बुश झिजून सायकल मागून डुलायला लागते. वजन सतरा-अठरा किलोपर्यंत जातं.

गियरची गोष्ट तर आमच्या धंद्यातलीच. स्वस्त सायकलीत मागे सात चकत्यांचं फ्रीव्हील हबवर आट्याने बसवलेलं असतं. त्यामुळे उजवीकडचे छर्रे बरेच आत राहतात आणि एक्सलचं टोक आधाराविना बाहेर येतं. रायडरचं वजन, खड्ड्यांचे दणके, सगळं त्या टोकावर. एक्सल साध्या पोलादाची असेल तर आधी वाकते, मग तुटते. महाग सायकलीतल्या कॅसेटच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे थेट टोकाजवळ नेलेले असतात. फरक दोन-तीन इंचांचाही नाही, पण तो बाहेरून दिसत नाही आणि म्हणून जाहिरातीतही येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचे ब्रेक. चमकणारी रिम पुष्कळदा क्रोम केलेल्या लोखंडाची असते. कोरड्यात चालून जातं; ओल्या लोखंडी रिमवर रबर नीट धरत नाही. आपल्याकडे जूनपासून पाऊस कसा असतो, ते बेळगावकरांना सांगायला नको. स्वस्त डिस्कमध्ये बहुतेक वेळा एकच पॅड हलतो, तो झिजला की हाताने जुळवावा लागतो, आणि चकती जराशी वाकली की घासत राहते. नीट जुळवलेला साधा व्ही-ब्रेक आणि ॲल्युमिनियमची रिम त्याहून कितीतरी बरी.

दुसरा मुद्दा जोडणीचा. सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते. पुढचं चाक, हॅन्डल, पॅडल, ब्रेक हे सगळं कुणीतरी बसवायचं असतं. चांगला मेकॅनिक त्याआधी छर्ऱ्यांत ग्रीस आहे का बघतो, कोन ना घट्ट ना सैल असा लावतो, चाकाचा आउट काढतो. मार्टमध्ये हे काम ज्याच्याकडे येतं, तो सकाळी मिक्सर आणि दुपारी सायकल जोडत असतो. त्याला दोष देत नाही, त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतला एक मुलगा अशीच नवी सायकल घेऊन आला. "काका, रविवारी आम्ही राजहंसगडावर जाणार. जरा हवा बघता?" हवा ठीक होती. पण पुढचा फोर्क उलटा बसवला होता, चाकाचे नट बोटांनी फिरत होते आणि पुढचा ब्रेक पूर्ण दाबला तरी चाक फिरत होतं. आठ दिवस तो याच सायकलवरून गोवावेसच्या गर्दीतून क्लासला जात होता. येळ्ळूरचा चढ त्याने कसाबसा चढला असता. उतरताना काय झालं असतं, याचा विचार नको.

त्याच्या वडिलांचं म्हणणं वेगळंच होतं. "पोरात दमच नाही हो, दोन किलोमीटरमध्ये हाशहुश करतो." मागचं चाक उचलून फिरवलं तर ते दीड फेरीत थांबलं, ब्रेक घासत होता. असली सायकल मिळालेली मुलं दोन महिन्यांत सायकल सोडतात आणि घरात ठरतं, की याला सायकलिंग जमत नाही. वाया गेलेल्या पैशांपेक्षा हे नुकसान मला मोठं वाटतं.

हा प्रश्न एकट्या बेळगावचा नाही. अमेरिकेत बहुसंख्य सायकली अशा मोठ्या स्टोअर्समधूनच विकल्या जातात. दिसायला माउंटन बाइक, आणि फ्रेमवर बारीक अक्षरात सूचना, की कच्च्या रस्त्यावर चालवू नये! २०२१-२२ च्या सुमारास तिथल्या मेकॅनिकांनी मागणी केली, की सायकल मोडण्याआधी निदान ५०० तास चालेल एवढा किमान दर्जा ठरवा. ५०० तास म्हणजे रोज एक तास धरला तर दीड वर्षही नाही.

एक मात्र खरं, सायकलच्या दुकानातही दिखाऊ माल असतो, कारण गिऱ्हाईक तोच मागतं. म्हणून दुकान कोणतंही असो, पाच मिनिटं खर्च करा :

• खिशात लोहचुंबक न्या. रिमला चिकटलं तर रिम लोखंडी.
• चाक उचलून फिरवा. रिम ब्रेकच्या रबरांमध्ये डावी-उजवीकडे डुलते का बघा.
• रिम धरून आडवी हलवा, मग क्रँक हलवा. खडखड नको.
• पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. मागचं चाक उचलायला हवं.
• सीटवर बसून पॅडल खाली न्या. गुडघा किंचित वाकलेला हवा. "वाढत्या अंगाची" म्हणून मोठी फ्रेम घेऊ नका.
• महिन्याभराने पहिली सर्व्हिस कोण करणार ते विचारा. तोवर वायरी ताणतात, स्पोक सैल होतात.

बजेट सात-आठ हजार असेल तर बिनस्प्रिंगची, बिनगियरची, ॲल्युमिनियम रिमची साधी सायकल घ्या. कॉलेज, क्लास, व्हॅक्सिन डेपोची सकाळची फेरी, सगळं होतं. जांबोटीच्या रस्त्याला लागायचं असेल, गियर हवेच असतील, तर थोडं थांबून पैसे साठवा किंवा चांगली वापरलेली सायकल ओळखीच्या मेकॅनिकला दाखवून घ्या. खऱ्या अर्थाने डोंगरात जाणारी नवी सायकल साधारण पंचवीस-तीस हजारांच्या पुढेच सुरू होते. आणि मार्टची सायकल आधीच घरात असेल तर ती फेकू नका. मेकॅनिककडे नेऊन एकदा पूर्ण ओव्हरऑइल करून घ्या, ब्रेकची रबरं चांगली बसवा. रोजच्या जवळच्या फेऱ्यांना ती चालेल. घाटात मात्र नेऊ नका.

आमच्या त्या मुलाचा फोर्क सरळ झाला, मागची घासणारी रबरं बदलली. राजहंसगडाचा बेत त्याने दोन आठवडे पुढे ढकलला आणि मित्राच्या सायकलवरून केला.

हेल्मेटचे पैसे बजेटमधून आधी बाजूला काढा. पुढच्या अंकात घरच्या घरी पंक्चर काढायला शिकू.