गर्भाशयमुखाचा कर्करोग : उपाय आपल्याच राज्यात सापडला, भंडाऱ्याच्या घराघरांत तो कधी पोहोचणार?

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने १७ नोव्हेंबर हा दिवस गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या निर्मूलनाचा जागतिक दिन म्हणून मान्य केला. २०२० साली याच तारखेला जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंत गाठावयाची तीन उद्दिष्टे सर्व राष्ट्रांपुढे ठेवली होती. १५ वर्षे पूर्ण होण्याआधी ९० टक्के मुलींना लस मिळावी, ७० टक्के स्त्रियांची ३५ व्या आणि पुन्हा ४५ व्या वर्षापर्यंत खात्रीशीर तपासणी व्हावी आणि ज्यांच्यात दोष आढळेल त्यांपैकी ९० टक्के स्त्रियांना उपचार मिळावेत, अशी ती उद्दिष्टे आहेत. एखाद्या कर्करोगाचे निर्मूलन करण्याचा संकल्प साऱ्या जगाने एकत्र येऊन करावा, असे यापूर्वी कधी घडले नव्हते. आपल्या भंडारा जिल्ह्यातील माताभगिनींच्या दृष्टीने या संकल्पाचा अर्थ काय, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. म्हणजे सरासरी सात मिनिटांच्या आत एक मृत्यू. याउलट २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयोगटातील केवळ १.९ टक्के स्त्रियांनी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी करून घेतल्याचे आढळले. शंभरांतील दोघीही नव्हेत!

ही तफावत अधिक क्लेशदायक वाटते, कारण हा रोग अचानक झडप घालणारा नाही. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, अर्थात एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकून राहिलेल्या संसर्गातून तो उद्भवतो. जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सूर हाउझेन यांनी हा संबंध सिद्ध केला आणि त्याबद्दल २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका सर्वसामान्य आहे की बहुसंख्य स्त्रीपुरुषांना तो केव्हातरी होऊन जातो. बहुतेकांचे शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला आपोआप घालवून देते. काही थोड्या स्त्रियांमध्ये तो मुक्काम ठोकतो, गर्भाशयाच्या मुखावरील पेशी बदलू लागतात आणि त्या बदलांचा कर्करोग होण्यास साधारणतः १० ते २० वर्षे लागतात. या दीर्घ काळात एकदा जरी तपासणी झाली, तरी रोग जन्मण्याआधीच तो बदललेला भाग गोठवून वा जाळून नाहीसा करता येतो. त्यासाठी बहुधा रुग्णालयात मुक्काम करावा लागत नाही.

हे केवळ पाश्चात्त्य ग्रंथांतील ज्ञान नव्हे. त्याचा एक महत्त्वाचा पुरावा आपल्याच महाराष्ट्राच्या खेड्यांनी जगाला दिला आहे. १९९९ साली उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक केंद्र यांनी आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने एक विशाल अभ्यास हाती घेतला. गावांचे ५२ समूह आणि ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक निरोगी स्त्रिया त्यात सहभागी होत्या. त्यांचे चार गट करण्यात आले. एका गटाची एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याची पेशीतपासणी, तिसऱ्याची पातळ ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी केलेली पाहणी झाली. चौथा गट नेहमीच्या आरोग्यसेवेवर ठेवण्यात आला. आठ वर्षांनंतरचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. चौथ्या गटात या रोगाने ६४ स्त्रिया मृत्यू पावल्या होत्या, तर एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात ३४. तेथील स्त्रियांना वारंवार बोलावलेही नव्हते. आयुष्यात केवळ एकदा झालेल्या चाचणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले.

याच अभ्यासाने दुसरीही गोष्ट दाखवून दिली. केवळ डोळ्यांनी केलेल्या एका पाहणीने तेथे मृत्यूंमध्ये लक्षणीय घट झाली नाही. मात्र मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक केंद्राने १९९८ पासून केलेल्या अभ्यासात, दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक आरोग्यसेविकांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन हीच पाहणी दर दोन वर्षांनी चार वेळा करण्यात आली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. त्यावरून एवढे निश्चित समजते की एखाद्या शिबिरात फीत कापून, छायाचित्रे काढून हा रोग हटत नाही. उत्तम चाचणी उपलब्ध असेल तर ती एकदाही पुरेशी उपकारक ठरते. साधी पाहणी हाच मार्ग असेल, तर ती करणारे हात प्रशिक्षित असावेत आणि ते पुन्हा पुन्हा दारी यावेत.

या संशोधनाला एक वेदनेची किनार आहे, ती विसरणे अन्यायाचे होईल. तपासणी न झालेल्या गटातील स्त्रियांचे काय, असा प्रश्न वैद्यकीय नीतिशास्त्राच्या अभ्यासकांनी पुढे उपस्थित केला आणि त्यावर मोठा वाद झाला. त्या वादाचा निवाडा आम्ही करू इच्छित नाही. परंतु ज्या ज्ञानासाठी गरीब शेतकरी-मजूर स्त्रियांच्या आयुष्यांचे मोल पडले, ते ज्ञान कपाटात पडून राहू देणे ही त्यांच्याशी केलेली प्रतारणा ठरेल, एवढे मात्र नमूद करणे आम्हांला आवश्यक वाटते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर या सातही तालुक्यांतील कष्टकरी स्त्रीचे वर्ष हंगामाने बांधलेले असते. उन्हाळ्यात तेंदूपाने, पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या सुमारास धानाची कापणी आणि मग चुरणे. रोवणीच्या ऐन दिवसांत तपासणीसाठी बोलावले, तर ती येणार नाही. त्या दिवसाची मजुरी बुडवणे तिला परवडत नाही. त्यातून तिला काही दुखत नसते. पुढे अंगावरून दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्तस्राव होणे, अशी लक्षणे दिसू लागली तरी ती कोणाला सांगत नाही. सासूला सांगायची लाज, पतीला सांगायचा संकोच. शेवटी नागपूरच्या रुग्णालयात जेव्हा ती पोहोचते, तेव्हा किरणोपचारासाठी पाच-सहा आठवडे घरापासून दूर राहण्याची वेळ आलेली असते.

शुभवर्तमानातील बारा वर्षे रक्तस्रावाने पीडित असलेली ती स्त्री येथे आठवल्यावाचून राहत नाही. जवळचे सारे धन वैद्यांवर खर्चून ती गर्दीत मागून, लपत आली. प्रभूने मात्र तिला सर्वांसमक्ष बोलते केले आणि कन्या म्हणून संबोधले. आजारासोबत तिची लाजही त्याने दूर केली. आपल्या घरांत आणि धर्मग्रामांत नेमके हेच होणे गरजेचे आहे. हा रोग झालेल्या स्त्रीच्या चारित्र्याबद्दल कुजबुज करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की पूर्णतः एकनिष्ठ पत्नीलाही हा विषाणू पतीकडून, लग्नाआधीच्या काळातील संसर्गातूनही येऊ शकतो.

अज्ञानाची दुसरी बाजूही तितकीच घातक आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांचा प्रश्न राज्यभर गाजला. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांपैकी कित्येकींना कर्करोगाची भीती घालण्यात आल्याचे तेव्हा उघड झाले. म्हणून प्रत्येक भगिनीने हे पक्के समजून घ्यावे : पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे. चाचणीत दोष आढळणे म्हणजेही कर्करोग नव्हे. त्याचा अर्थ पुढील तपासणी हवी, एवढाच. पिशवी काढण्याचा सल्ला कोणी तपासणीवाचून दिला, तर शासकीय रुग्णालयात दुसरे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

लसीविषयी पालकांच्या मनात शंका आहेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या सर्व्हाव्हॅक या लसीला २०२२ साली मान्यता मिळाली आणि २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीकरणास प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली. विषाणूचा संपर्क येण्याआधी दिली तरच लस पूर्ण उपयोगी पडते, हेच कोवळ्या वयाचे कारण आहे. मुलीच्या वर्तनाविषयीचा संशय त्यामागे नाही. गोवराची लस देताना आपण असा प्रश्न विचारतो काय?

तथापि शंकेला एक इतिहासही आहे. २००९-१० मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे झालेल्या लस प्रकल्पात काही मुलींच्या मृत्यूनंतर काम थांबवण्यात आले. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध दिसून आला नाही. परंतु कित्येक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्याचे आढळले आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. शाळा आणि वसतिगृहे चालवणाऱ्या आपल्या संस्थांनी हा धडा कायम स्मरणात ठेवावा. आईवडिलांना त्यांच्या भाषेत समजावून सांगावे, त्यांचे प्रश्न ऐकावेत आणि सही त्यांचीच घ्यावी. याला वेळ लागतो, पण विश्वास दुसऱ्या कोणत्याही वाटेने येत नाही. लस घेतलेल्या मुलींनीही पुढे वयाच्या तिशीनंतर तपासणी चुकवू नये, कारण लस सर्वच प्रकारच्या विषाणूंपासून रक्षण करीत नाही.

वाचकहो, मग आपण काय करावे? ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी, असे केंद्र शासनाचे २०१६ चे मार्गदर्शन आहे. आपल्या गावच्या आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेला तपासणी कोठे व कोणत्या वारी होते आणि मुलींना लस कोठे मिळते, हे विचारावे. धर्मग्रामातील महिला मंडळाने रोवणी आणि कापणी यांच्या मधला, साधारण सप्टेंबरचा काळ त्यासाठी ठरवावा आणि पाच-दहा जणींनी मिळून जावे; एकटीची लाज समूहात विरघळते. धर्मभगिनींनी या विषयावर स्त्रियांशी वेगळी बैठक घ्यावी आणि धर्मगुरूंनी पुरुषांशी बोलावे, कारण पत्नीला दवाखान्यात पाठवण्याचा निर्णय अजूनही बहुतेक घरांत पतीच्या हाती आहे. चाचणीत दोष आढळलेल्या भगिनीचा पाठपुरावा कोण करील, हे आधीच ठरलेले असावे. अन्यथा चाचणी व्यर्थ जाते. रोग आढळल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार मिळू शकतात, त्यासाठी लागणारी कागदपत्रे जुळवून देणे आणि नागपुरातील मुक्कामाच्या दिवसांत तिच्या लेकरांना दोन वेळचे जेवण पोहोचवणे, ही कामे डॉक्टरांची नव्हेत, आपली आहेत.

उस्मानाबादच्या त्या खेड्यांत आणि आपल्या खेड्यांत फारसा फरक नाही. तेथे एका चाचणीने जे साधले, ते येथेही साधता येईल. येत्या सप्टेंबरात आपल्या घरातील तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीची तपासणी झाली आहे काय, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने रात्रीच्या प्रार्थनेनंतर एकमेकांना विचारावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.