दोन पाट्या आणि एक अर्ज

दिल्लीत ‘हिंदूराव’ म्हटले की बहुतेकांना एक मोठे रुग्णालय आठवते, माणूस आठवत नाही. सब्जी मंडीच्या अंगाला, उत्तरेकडील रिजवर उभ्या असलेल्या महापालिकेच्या या रुग्णालयाला ज्यांचे नाव चिकटले, ते हिंदूराव घाटगे कोल्हापूरजवळच्या कागलचे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. कंपनी सरकारचा अधिकारी विल्यम फ्रेझर याचा १८३५ मध्ये दिल्लीत खून झाला आणि त्यानंतर त्याची टेकडीवरील हवेली हिंदूरावांकडे आली. १८५७ च्या धामधुमीत इंग्रज फौजेने तिथेच आपला मोर्चा बांधला. पुढे हवेली गेली, रुग्णालय आले, नाव तेवढे राहिले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला असे तपशील टाकवत नाहीत, हे खरे; पण येथे त्याला आणखी एक कारण आहे. गर्भवतीच्या सोनोग्राफीवर शासनाने नजर कशी ठेवावी, याचा देशातील एक धाडसी प्रयोग याच घाटग्यांच्या मुलुखात, कोल्हापूर जिल्ह्यात झाला. त्या नजरेत काय आले आणि काय सुटले, हे मात्र हिंदूरावसारख्या गजबजलेल्या सार्वजनिक रुग्णालयांत येणाऱ्या बायकांच्या प्रश्नांतून अधिक कळते.

देशातील कोणत्याही रुग्णालयाच्या तपासणी विभागात गर्भवतीला दोन पाट्या भेटतात. सोनोग्राफीच्या खोलीबाहेरची पाटी सांगते की येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. ही पाटी इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत लावणे नियमाने बंधनकारक आहे. क्ष-किरण कक्षाबाहेर किरणोत्साराचे चिन्ह असते आणि सहसा त्याखाली गर्भवतींना उद्देशून सावधगिरीची सूचना. दोन्ही पाट्या आवश्यक आहेत. पण एक दरडावते आणि दुसरी घाबरवते. बाईच्या मनात जो प्रश्न असतो त्याचे उत्तर दोन्हींपैकी एकीवरही नसते.

तो प्रश्न साधा आहे. या यंत्राने बाळाला काही होईल का? सोनोग्राफीने बाळाला शेक बसतो, फार वेळा केली की वजन भरत नाही, योनिमार्गातून तपासले तर गर्भ पडतो, एक्स-रे निघाला म्हणजे मूल ठेवता येत नाही: या समजुती अशिक्षितांच्याच असतात असे कोणी मानू नये. वातानुकूलित दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहांतही त्या तितक्याच सुखेनैव नांदतात.

वास्तविक या प्रश्नांची उत्तरे वैद्यकशास्त्राकडे आहेत आणि ती पुरेशी स्पष्ट आहेत. सोनोग्राफीत किरणोत्सार नसतोच; त्या ध्वनिलहरी असतात. वैद्यकीय कारणासाठी, प्रशिक्षित हातांनी, गरजेपुरत्या वेळात केलेल्या सोनोग्राफीने गर्भाला अपाय झाल्याचे आढळलेले नाही. आरंभीच्या आठवड्यांत योनिमार्गातून केलेल्या तपासणीने गर्भपात होत नाही. एमआरआयमध्येही किरणोत्सार नसतो; त्यात वापरले जाणारे गॅडोलिनियमचे औषध मात्र गर्भारपणात शक्यतो टाळतात. एक्स-रे आणि सीटी स्कॅन यांची गोष्ट वेगळी, पण तेथेही मात्रा महत्त्वाची. गर्भाला पोहोचणारा किरणोत्सार पन्नास मिलिग्रेपेक्षा कमी असेल तर त्यामुळे व्यंग किंवा गर्भपात होण्याचा धोका वाढलेला दिसत नाही, असे अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०१७ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. छातीच्या एका एक्स-रेमध्ये गर्भापर्यंत पोहोचणारी मात्रा एका मिलिग्रेच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते. नऊ महिन्यांत निसर्गातूनच त्याच्या कितीतरी पट अधिक किरणोत्सार प्रत्येक गर्भाला मिळत असतो. पोटाच्या सीटी स्कॅनची मात्रा बरीच अधिक असते, म्हणून तो विचारपूर्वक करायचा. किरणोत्सारी आयोडीन टाळायचे. दिवस राहिल्याची शंका असेल तर तंत्रज्ञाला आधी सांगायचे. एवढे सगळे एका पाटीवर मावते.

ते न सांगण्याची किंमत कोणती? जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. गर्भवतीला महिनाभर खोकला असताना भीतीपोटी छातीचा एक्स-रे टळला, तर निदान लांबते आणि त्याचा धोका आई व मूल दोघांनाही त्या एक्स-रेहून अनेक पटींनी मोठा असतो. उलट बाजूही तितकीच दुःखद आहे. दिवस राहिल्याचे ठाऊक नसताना एक्स-रे निघाला, घरच्यांनी धास्ती घेतली आणि हवेहवेसे मूल पाडले गेले, असे प्रसंग स्त्रीरोगतज्ज्ञांना नवे नाहीत.

ही भीती निराधार कल्पनेतून उपजली, असेही नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गर्भवतीच्या पोटाचे एक्स-रे काढणे सर्रास चाले. अ‍ॅलिस स्ट्युअर्ट या ब्रिटिश संशोधिकेने १९५६ मध्ये, आणि अधिक विस्ताराने १९५८ मध्ये, अशा एक्स-रेचा मुलांमधील कर्करोगाशी संबंध दाखवला. तेव्हा वैद्यकविश्वाने तिचे म्हणणे मनापासून स्वीकारले नाही. स्वीकारायला बरीच वर्षे गेली. योगायोग असा की त्याच १९५८ मध्ये ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी पोटातील गाठी पाहण्याचे तंत्र ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. एक्स-रेला निर्धोक पर्याय हाच सोनोग्राफीचा मोठा लौकिक होता. आपल्याकडे मात्र हे यंत्र सर्वदूर पोहोचले ते संशयित म्हणून.

त्याला कारण आपणच. दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९७० च्या दशकाच्या मध्यास आनुवंशिक दोष शोधण्यासाठी गर्भजल परीक्षा सुरू झाली आणि पाहता पाहता तिचा उपयोग मुलगी नको म्हणून होऊ लागला. १९७८ मध्ये केंद्राने सरकारी संस्थांत लिंगनिदानाला बंदी केली. धंदा खासगी दवाखान्यांकडे वळला. मुंबईतील स्त्री-संघटनांच्या रेट्यामुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील पहिला कायदा केला. केंद्राचा १९९४ मध्ये आला, २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. तरीही महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण १९९१ मध्ये ९४६ होते, ते २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ वर आले. दिल्लीत २०११ मध्ये ते ८७१ होते. या आकड्यांपुढे कोल्हापूरचे तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ जोडले आणि प्रत्येक तपासणीचा अर्ज ऑनलाइन भरणे सक्तीचे केले, तेव्हा डॉक्टरांच्या संघटना न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांची बाजू उचलून धरली. कागदपत्रांतील त्रुटी हा किरकोळ दोष नसून गुन्हाच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. मी या दोन्ही निकालांच्या बाजूचा आहे. ज्या समाजाने यंत्र हाती येताच त्याचे हत्यार केले, त्याला कायदा सैल करा म्हणण्याचा नैतिक अधिकार नाही.

माझा आक्षेप कायद्याच्या कडकपणाला नाही, त्याच्या एकसुरीपणाला आहे.

तो पाहायचा असेल तर ‘फॉर्म एफ’ वाचावा. प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीपूर्वी हा अर्ज भरला जातो. बाईने सही किंवा अंगठा करून जाहीर करायचे असते की मला गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही. डॉक्टरने जाहीर करायचे असते की मी ते पाहिले नाही आणि कोणाला सांगितलेही नाही. म्हणजे तपासणीच्या टेबलावर चढण्याआधी शासन त्या बाईकडून जे एकमेव वाक्य वदवून घेते, ते तिच्यावरील संशयाचे असते. जिला सासरच्यांनी लिंगनिदानासाठी ओढत आणले असेल आणि जी रक्तस्राव होतोय म्हणून घाबरून एकटीच आली असेल, त्या दोघींचा अंगठा एकाच वाक्याखाली उमटतो.

याच कायद्यात दुसरे एक तत्त्व आहे, हे सहसा विसरले जाते. गर्भजल परीक्षेसारख्या, शरीरात सुई घालून करायच्या चाचण्यांपूर्वी तिचे ज्ञात परिणाम गर्भवतीला समजावून सांगितले पाहिजेत, तिला कळणाऱ्या भाषेत लेखी संमती घेतली पाहिजे आणि तिची प्रत तिच्या हाती दिली पाहिजे, असे कायदाच म्हणतो. सोनोग्राफीपाशी आल्यावर हे समजावणे गळून पडते आणि उरते फक्त प्रतिज्ञापन. निष्कर्ष कोणाला व कोणत्या तारखेला कळवला, याची नोंद अर्जात असते. काय कळवले, ते बाईला उमगले का, पुढे कुठे जायचे, याला त्यात जागा नाही. अर्ज महिन्याच्या पाच तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याच्या कार्यालयात पोहोचतो. बाईच्या पिशवीत इंग्रजी अहवाल आणि काळीपांढरी चित्रे उरतात.

यात काळाचे गणित आहे. गर्भातील मोठी व्यंगे दिसण्याची योग्य वेळ साधारण अठरा ते वीस आठवड्यांची. २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही विशिष्ट स्त्रियांना चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा आहे; त्यापुढे केवळ गंभीर व्यंग असेल तर, तेही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने. जागतिक आरोग्य संघटना चोवीस आठवड्यांच्या आत किमान एक सोनोग्राफी व्हावी असे सांगते. पण ज्या बाईला ही तपासणी बाळाला घातक वाटते, किंवा ‘पोलिसांचे काम’ वाटते, ती सातव्या महिन्यात येते. जी वेळेवर येते तिला पुढची तारीख मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार पहिल्या तीन महिन्यांत प्रसूतिपूर्व तपासणीला पोहोचणाऱ्या माता सुमारे सत्तर टक्के आहेत. चार वा अधिक वेळा तपासल्या गेलेल्या अठ्ठावन्न टक्के. या दोन आकड्यांमधील अंतरात पुष्कळ काही हरवते.

गंमत अशी की, कोणत्या तालुक्यातील बायका कितव्या आठवड्यात पहिल्यांदा यंत्रापर्यंत पोहोचतात, हे सांगणारी माहिती शासनाकडे दरमहा जमा होते. गर्भाचे आठवडे, तपासणीचे कारण, आढळलेले दोष, सारे फॉर्म एफमध्ये असते. कोल्हापूरने ती संगणकावर आणून दाखवली. तिचा उपयोग गुन्हेगार शोधण्यापलीकडे, उशिरा येणाऱ्या माता शोधण्यासाठी नियमितपणे झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ज्या प्रशासनात मी आयुष्य घालवले त्याचा हा जुना स्वभाव: दंड करण्यासाठी गोळा केलेली माहिती सेवा देण्यासाठी वाचायची असते, हे त्याला सुचत नाही.

गर्भारपण नसलेल्या बाईकडे तर ही नजर वळतही नाही. अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळी लांबणे यांसाठी ती सोनोग्राफी करून घेते आणि अहवालात ‘गाठ’ किंवा ‘सूज’ असा शब्द निघतो. बहुतांश फायब्रॉइड कर्करोगाचे नसतात, अनेकांना उपचारही लागत नाहीत. हे सांगणारे कोणी नसेल तर तो अहवाल भयाचे साधन होतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्याचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. एका खाड्याचा दंड भरावा लागणाऱ्या बाईला पाळीच नको वाटणे, हे त्यामागील आर्थिक सत्य होतेच. पण ‘पिशवी खराब झाली आहे, कॅन्सर होईल’ या वाक्यानेही पुष्कळ काम केले. राजस्थान, बिहार, छत्तीसगडमधील अशाच शस्त्रक्रियांवरील याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्याचे आदेश राज्यांना दिले. मार्गदर्शक तत्त्वे डॉक्टरांना आवरतील. हातात अहवाल घेऊन बसलेल्या बाईला मात्र तो वाचून दाखवणारे कोणीतरी लागते.

समजावायला वेळ कोणाला आहे, हा डॉक्टरांचा प्रतिप्रश्न रास्त आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये हिंदूरावच्याच निवासी डॉक्टरांना, कोविडच्या ऐन साथीत, थकलेल्या पगारांसाठी आंदोलन करावे लागले होते. ज्यांचे पगार वेळेवर देता येत नाहीत त्यांच्याकडून प्रत्येक रुग्णापाशी दहा मिनिटे बसण्याची अपेक्षा करणे हा सरकारी विनोद ठरेल. हे काम परिचारिका आणि आशा कार्यकर्ती करू शकतात. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या नऊ तारखेला गर्भवती मोठ्या संख्येने एकत्र येतात. त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या बायकांशी अर्धा तास बोलायला नवे पद निर्माण करावे लागत नाही.

आणि पाटी व अर्ज बदलायला संसदेची गरज नाही. दोन्ही गोष्टी नियमांत आहेत. केंद्र सरकार अधिसूचनेने नियम बदलू शकते, फॉर्म एफ २०१४ मध्ये असाच बदलला गेला. बंदीच्या मजकुराखाली चार ओळी वाढवाव्यात: ही तपासणी ध्वनिलहरींनी होते, तिने बाळाला अपाय होत नाही, ती कोणत्या महिन्यात करावी, आणि निष्कर्ष विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. अर्जात बाईच्या आणि डॉक्टरच्या प्रतिज्ञापनानंतर तिसरी जागा असावी, निष्कर्ष व पुढील तपासणीची तारीख तिच्या भाषेत लिहून प्रत तिच्या हाती देण्याची. दिल्लीतील रुग्णालयात ती हिंदीत असेल, कागलच्या रुग्णालयात मराठीत. आरोग्य मंत्रालयाच्या केंद्रीय पर्यवेक्षी मंडळासमोर असा प्रस्ताव एखाद्या राज्याने मांडायला हवा, आणि या विषयात १९८८ मध्ये पहिले पाऊल टाकणाऱ्या राज्याने तो दुसऱ्या कोणासाठी सोडण्याचे कारण दिसत नाही.