पाणी मोजता, मग दाब का मोजत नाही?



जेवढे पाणी घ्याल तेवढ्याचेच पैसे द्या, असे आम्हाला सांगण्यात आले. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणी वापर संस्थांना घनमापनाने पाणी देण्याचे ठरवले. तत्त्व आम्हाला मान्य आहे. उसाच्या काट्यावर आणि दुधाच्या मापात मार खाल्लेले आम्ही लोक. चोख माप ही तर आमचीच जुनी मागणी. पण माप चोख आहे की नाही, हे तपासल्याशिवाय मान तुकवणार नाही.

आधी आउटलेटचे गणित पाहू. पाइपातून किती पाणी पडेल हे नुसत्या पाइपाच्या आकारावर ठरत नाही. पाइपाच्या वर कालव्यात किती पाणी उभे आहे, त्यावरही ठरते. टॉरिचेलीने हा नियम १६४४ साली छापला: दाब चौपट झाला तर पाणी दुप्पट, दाब चौथाईवर आला तर पाणी निम्मे. पाइपाच्या मध्यावर ४० सेंटीमीटर पाणी उभे असताना सेकंदाला ३० लिटर पडत असेल, तर १० सेंटीमीटरवर १५ लिटरच पडणार. बारा तासांच्या पाळीत एकाला १,२९६ घनमीटर, दुसऱ्याला ६४८. पाइप तोच, तास तेवढेच, पाणी मात्र निम्मे!

टेलच्या शेतकऱ्याने ओरड केली की उत्तर ठरलेले: वरचे लोक पाणी चोरतात. चोरी होतच नाही असे आम्ही म्हणत नाही. पण कोणी एक थेंब चोरला नाही तरी कालव्याची पातळी उतरली की टेलचा माणूस मार खातो. हा दोष शेजाऱ्याचा नाही, घड्याळ पाहून पाणी वाटणाऱ्या पद्धतीचा आहे. भावाभावांत भांडण लावून तो झाकता येणार नाही.

आता संस्थेच्या बिलाकडे वळू. चारीच्या तोंडाशी फ्लुम असतो आणि त्याला मोजपट्टी. इथे नियम आणखी कडक आहे. पट्टीवरची उंची ४० वरून ३२ वर आली, म्हणजे पाचवा हिस्सा उतरली, की पाणी सुमारे २८ टक्क्यांनी घटते. सकाळी एकदा ४० वाचायचे आणि दिवसभराचे बिल त्यावर फाडायचे, असे जिथे होते तिथे संस्था न मिळालेल्या पाण्याचे पैसे भरते. चारीत गाळ-गवत माजून फ्लुम बुडाला तर आणखीच तमाशा: पाणी तुंबते, पट्टीवरचा आकडा चढतो आणि पुढे जाणारे पाणी कमी होते!

हे सगळे किचकट आहे, शेतकऱ्याला झेपणार नाही, असे साहेब म्हणतील. मग कारखान्याला नैसर्गिक वायू कसा विकतात ते पाहा. दाब वाढला की वायू दाटतो, तापला की विरळ होतो. म्हणून मीटरवरचा आकडा जशाच्या तसा धरत नाहीत. १५ अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाबाला किती घनमीटर होतील, ते काढून बिल करतात. पाण्याची घनता तर जवळजवळ बदलतच नाही. आमच्या बाबतीत उंची तेवढी वाचायची आहे. कारखान्यासाठी दोन दुरुस्त्या जमतात, शेतकऱ्यासाठी एक जमत नाही? अडचण शास्त्राची नाही, नियतीची आहे.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही या मागण्या ठेवतो:

१. पट्टीचे वाचन दिवसातून किमान तीनदा आणि पातळी बदलेल तेव्हा व्हावे. नोंदीवर संस्थेच्या प्रतिनिधीची सही असावी.

२. प्रत्येक वाचनाचा प्रवाह वेगळा काढून बिल करावे.

३. दाब उतरला तर पाळीचे तास वाढवून पाणी भरून द्यावे.

४. फ्लुम बुडालेला असताना घेतलेले वाचन रद्द धरावे.

५. उंचीनुसार प्रवाहाचा तक्ता मराठीत, प्रत्येक फ्लुमजवळ रंगवून लावावा.

तोवर प्रत्येक संस्थेने एक वही आणि एक पोरगा पट्टीपाशी बसवावा. आवर्तन संपले की आपली वही त्यांच्या बिलाशेजारी ठेवा. फरक निघाला तर तो लेखी मागा. पाण्याची भीक आम्ही मागत नाही. पैसे मोजतो, माप मागतो.