वसुली दारात नको

समजा, न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या एका बाईंनी कोल्हापूरच्या विक्रेत्याकडून ६० डॉलरची चप्पल मागवली. 'पोस्टेज फ्री' वाचून खूश झाल्या, कार्डाने पैसे भरले. काही दिवसांनी कुरियर कंपनीचा मेसेज आला: पार्सल आले आहे, आधी कस्टमचे पैसे भरा. बिलात वर ड्यूटी, खाली ती ड्यूटी कंपनीने आगाऊ भरल्याची फी, त्याखाली कागदपत्रांची फी. बेरीज जवळपास चपलेच्या किमतीइतकी. बाईंनी चिडून मेसेज केला तो कुरियरला नव्हे, विक्रेत्याला. आणि विक्रेत्याने उत्तर दिले, "कस्टमचं आमच्या हातात नसतं हो."

हे उत्तर २०२५च्या ऑगस्टपर्यंत खपून जात होते. आता ते खपणार नाही, आणि खपू नये, असे आमचे मत आहे. ड्यूटी किती लागावी हे आपल्या हातात नाही, हे खरेच. पण ती लागणार आहे हे ग्राहकाला पैसे भरण्याआधी सांगणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. विक्रेत्याला आधीपासून ठाऊक असलेला खर्च ग्राहकाला दारात कळत असेल, तर त्याला 'अनपेक्षित' म्हणण्याचा अधिकार फक्त ग्राहकाला आहे.

झाले काय ते एकदा नीट मांडू. अमेरिकेच्या १९३०च्या टॅरिफ कायद्यात किरकोळ किमतीच्या मालाला ड्यूटी माफ करण्याची तरतूद १९३८ साली आली. वसूल होणाऱ्या पैशापेक्षा वसुलीचा खर्च जास्त, हे तिच्यामागचे साधे कारण. ही मर्यादा २०१६ साली २०० डॉलरवरून ८०० डॉलरवर गेली आणि आपल्यासारख्या छोट्या विक्रेत्यांचे दार उघडले. पैठणीचा दुपट्टा, चांदीची जोडवी, सावंतवाडीची लाकडी फळे, काहीही पाठवा. किंमत ८०० डॉलरच्या आत असली की ड्यूटी शून्य. आपल्यातल्या बहुतेकांनी धंदा सुरू केला तोच या सवलतीच्या छायेत. त्यामुळे ती सवलत आहे हे आपण विसरलो आणि तोच नियम आहे असे धरून चाललो.

दरम्यान याच दारातून चीनचा स्वस्त माल लोटला. अमेरिकी कस्टम खात्याच्या हिशेबाप्रमाणे २०२४च्या आर्थिक वर्षात अशी १३६ कोटी पार्सले आली. २ मे २०२५ला चीन आणि हाँगकाँगसाठी सवलत बंद झाली, ३० जुलैला सर्व देशांसाठी ती बंद करण्याचा आदेश निघाला आणि २९ ऑगस्टपासून तो लागू झाला. सुक्याबरोबर ओलेही जळाले. आपल्यावर तर दुहेरी घाव बसला, कारण ७ ऑगस्टला भारतीय मालावर २५ टक्के आणि भारत रशियन तेल घेतो या कारणाने २७ ऑगस्टला आणखी २५ टक्के शुल्क लागले होते. काल ड्यूटी शून्य आणि आज निम्म्या किमतीइतकी, असा हा बदल होता.

टपालाचे हाल तर आपण सर्वांनी पाहिले. पैसे कोणी गोळा करायचे आणि अमेरिकेकडे कसे भरायचे याची व्यवस्थाच तयार नव्हती. भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेचे बहुतेक बुकिंग थांबवले आणि पुढे सगळेच थांबवले. हे आपल्यापुरते नव्हते. जागतिक टपाल संघाच्या माहितीप्रमाणे ८८ टपालसेवांनी अमेरिकेची सेवा पूर्ण किंवा अंशतः बंद केली आणि अमेरिकेकडे जाणारे टपाल एका आठवड्यात ८० टक्क्यांहून जास्त घटले. आपली सेवा १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली, तेव्हा वसुबारस दोन दिवसांवर होती. फराळाचे डबे पाठवणाऱ्यांची दिवाळी त्या हिशेबात गेलीच.

सेवा सुरू झाली ती मात्र नव्या रीतीने, आणि ही रीत आपल्या फायद्याची आहे. टपालाने पाठवलेल्या मालावर जाहीर केलेल्या एफओबी किमतीच्या (म्हणजे परदेशी वाहतूक न धरता मालाच्या किमतीच्या) सरसकट ५० टक्के ड्यूटी २०२५मध्ये लागत होती. ती बुकिंगच्या वेळी इथेच भरायची, टपाल खाते ती अमेरिकेत पोचवते आणि त्यासाठी वेगळी फी घेत नाही. वस्तूनुसार लागणारी मूळ ड्यूटी टपालाच्या मार्गाने वर चढत नाही. कुरियरने पाठवले तर ती चढते आणि कंपनीची फीही चढते. म्हणजे त्या दराने ६० डॉलरच्या चपलेवर टपालाने ३० डॉलर, एक पैसा जास्त नाही, आणि ग्राहकाच्या दारात शून्य. ज्यांना वेगाची फार निकड नाही त्यांनी हा हिशेब आधी करावा.

आता बिलाकडे येऊ, कारण आमच्या मते सगळी मेख तिथे आहे. आपल्यातले बरेच जण सवयीने एकच आकडा लावतात: माल, टपालखर्च, पॅकिंग सगळे धरून अमुक डॉलर. ही सवय आता महाग पडते. अमेरिकेत ड्यूटी मालाच्या किमतीवर बसते. भारतातून तिथवरच्या वाहतुकीचा खर्च आणि खुद्द ड्यूटी त्या किमतीत धरत नाहीत, मात्र त्या दोन्ही रकमा बिलावर वेगळ्या दिसायला हव्यात. ५० टक्के दराचे उदाहरण घ्या. माल ६० डॉलर, टपाल २० डॉलर, ड्यूटी ३० डॉलर, एकूण ११०. हे तीन ओळींत लिहिले तर ड्यूटी ६०वर लागते, म्हणजे ३०. तेच 'सगळे मिळून ११०' असे एका ओळीत लिहिले तर ११०लाच मालाची किंमत धरले जाईल आणि ५५ डॉलर ड्यूटी लागेल. म्हणजे आळसाची किंमत २५ डॉलर. वाहतुकीचा आकडा मात्र खरा हवा आणि त्याची पावती जवळ हवी. मालाची किंमत टपालाच्या ओळीत सरकवून ठेवणे म्हणजे हिशेब नव्हे, लबाडी आहे.

याच तीन ओळी ग्राहकालाही दाखवा, आणि पैसे भरण्याआधी दाखवा. माल इतका, टपाल इतके, अमेरिकेची ड्यूटी इतकी. दारात काहीही द्यायचे नाही. व्यापारी भाषेत ज्याला डीडीपी म्हणतात ते हेच. काही जणांना भीती वाटते की ६०च्या जागी ११० पाहून ग्राहक पळेल. काही पळतील, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण असा ग्राहक दारातही पळणारच आहे, आणि तिथे पळताना तुमचा माल आणि टपालखर्च अडकवून पळेल. पार्सल परत आणायचा खर्च पुष्कळदा मालाच्या किमतीच्या वर जातो, म्हणून विक्रेता नाइलाजाने ते तिकडेच सोडून देतो. ग्राहक बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागतो आणि शेवटी दुकानाच्या पानावर एक तारा देऊन जातो. स्क्रीनवर गेलेला ग्राहक त्या मानाने स्वस्तात जातो.

दुसरी गोष्ट टॅरिफ कोडची. सहा आकडे जगभर सारखे, पुढचे आकडे देशागणिक वेगळे: आपल्याकडे आठ, अमेरिकेत दहा. 'हँडीक्राफ्ट' किंवा 'लेदर आयटम' एवढे लिहून आता भागत नाही. कोल्हापुरीचेच पाहा. ६४०३.२० या कोडाचे वर्णन आहे: चामड्याचा तळ, आणि वर पायाच्या चवड्यावरून व अंगठ्याभोवती जाणारे चामड्याचे पट्टे. हे वाचताना कोणीतरी कोल्हापुरी समोर ठेवूनच वाक्य लिहिले असावे असे वाटते. पण टिकाऊपणासाठी खाली रबराचा तळ लावलात की ती चप्पल या कोडातून बाहेर पडते, आणि कुरियरने पाठवताना मूळ ड्यूटीचा दर बदलू शकतो. माल बनवणाऱ्या कारागिराला विचारून, तळ, वरचा भाग, अस्तर कशाचे ते लिहून घ्या आणि मगच कोड लावा. मूळ देशाचेही तसेच. ड्यूटी माल कुठून निघाला यावर नाही, कुठे बनला यावर लागते. पुण्यातून पाठवलेले चिनी बनावटीचे दागिने चीनचेच धरले जातात.

तिसरी गोष्ट जरा कडवट आहे. 'गिफ्ट लिहून टाका', 'किंमत दहा डॉलर दाखवा' असे सल्ले व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहेत. अमेरिकेत एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली १०० डॉलरपर्यंतची खरी भेट अजून माफ आहे. आईने लेकीला घरी केलेले लाडू पाठवले, तर ती भेट. तुम्ही पैसे घेऊन पाठवलेला फराळाचा डबा भेट होत नाही; त्याला तिकडच्या अन्न व औषध प्रशासनाला आगाऊ सूचनाही द्यावी लागते. पकडले गेले तर दंड आणि जप्ती ग्राहकाच्या नावावर लागू शकते, आणि मालाचा विमा तुम्ही लिहिलेल्या दहा डॉलरचाच मिळतो. शिवाय ही पळवाट कशी बुजते हे आपण स्वतः अनुभवले आहे. चिनी ॲपवरून 'गिफ्ट' म्हणून येणारा माल वाढला, तेव्हा आपल्या सरकारने डिसेंबर २०१९मध्ये भेटवस्तूंची ड्यूटीमुक्त आयात बंद केली. जीवरक्षक औषधे आणि राखी तेवढी वगळली, आणि तेही राखीच. राखीसोबतची भेट नाही. थोड्यांच्या लबाडीने सगळ्यांची सवलत जाते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

हे सगळे तात्पुरते आहे, जुने दिवस परत येतील, अशी आशा काही वाचकांनी पत्रांतून व्यक्त केली आहे. दर बदलू शकतात. २०२५मध्ये दोन्ही देशांची व्यापारी बोलणी चालू होती आणि या शुल्कांच्या वैधतेवर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ५ नोव्हेंबर २०२५ला सुनावणीही झाली. उद्या दर काय असेल यावर आम्ही पैज लावणार नाही. पण ८०० डॉलरची माफी ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यावर कायद्यानेच काट मारली गेली आहे. जुलै २०२५च्या अमेरिकी कायद्याप्रमाणे १ जुलै २०२७पासून ती कायमची संपते. बाकीचे जगही त्याच दिशेला निघाले आहे. ऑस्ट्रेलियाने जुलै २०१८पासून १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या मालावर विक्रीच्या वेळीच जीएसटी घ्यायला सुरुवात केली. ब्रिटनने जानेवारी २०२१पासून १३५ पौंडांपर्यंतच्या मालावर व्हॅट विक्रेत्याकडून घ्यायला सुरुवात केली. युरोपीय संघाने जुलै २०२१मध्ये २२ युरोची व्हॅटमाफी काढली आणि १५० युरोची ड्यूटीमाफी काढायला नोव्हेंबर २०२५मध्ये अर्थमंत्र्यांनी संमती दिली. या सगळ्यांत एक समान धागा आहे: कर दारात नाही, खरेदीच्या क्षणी घ्यायचा. जो विक्रेता आज अमेरिकेसाठी तीन ओळींचे बिल करायला शिकेल, त्याला उद्या जर्मनीसाठी नव्याने शिकावे लागणार नाही.

टपाल खात्याकडेही आमची मागणी आहे. डाकघर निर्यात केंद्रांमुळे तालुक्याच्या गावातूनही परदेशी पार्सल निघू लागले, ही चांगलीच गोष्ट आहे. आता प्रत्येक केंद्रात दोन गोष्टी मराठीत लिहून लावाव्यात: आजच्या तारखेला कोणत्या देशाला किती ड्यूटी लागते, आणि ग्राहकाने पार्सल नाकारले तर आगाऊ भरलेल्या ड्यूटीचे काय होते. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला वरिष्ठांना फोन करून विचारावे लागू नये.

पण खात्याच्या फलकाची वाट पाहत बसू नका. या आठवड्यात आपल्या दुकानाच्या पानावरचे 'पोस्टेज फ्री' काढा, प्रत्येक वस्तूसमोर तिचा कोड आणि मूळ देश लिहून ठेवा, ड्यूटीच्या आकड्याखाली 'हा दर अमुक तारखेपर्यंत' असे घाला आणि दर बदलला की त्याच दिवशी आकडा बदला. आणि जुन्या ग्राहकांना, त्यांनी विचारण्याआधी, चार ओळींचे पत्र लिहा: किंमत का वाढली, त्यातले किती आमचे, किती सरकारचे. परदेशी ग्राहक महाग वस्तू घेतो. फसवले गेल्याची भावना मात्र तो दुसऱ्यांदा विकत घेत नाही.