पेशीच्या दारावरची घंटा

शाळेतून घरी जाताना गल्लीतलं कुत्रं अचानक अंगावर धावून आलं तर काय होतं? छातीत धडधडतं, श्वास भरभर चालतो आणि एरवी शर्यतीत शेवटून पहिला येणारासुद्धा वाऱ्यासारखा सुटतो! हा प्रताप ॲड्रेनलिन नावाच्या रसायनाचा. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथींतून ते रक्तात उतरतं.

गंमत अशी की, निरोप द्यायला त्याला पेशीच्या आत शिरावं लागत नाही. पाहुण्यानं बाहेरून घंटा वाजवली की घरात कशी धावपळ होते, तसंच. ही घंटा म्हणजे पेशीच्या पातळ आवरणात बसलेलं एक प्रथिन. त्याला ग्राही म्हणतात. गोधडीत आजी टाके घालते ना, तसं ते आवरणातून आत-बाहेर सात वेळा जातं. बाहेर ॲड्रेनलिन येऊन बसलं की त्याचा आतला भाग सरकतो आणि आतल्या 'जी' प्रथिनाला निरोप पोचतो. श्वासनळ्यांच्या स्नायूंवरच्या ग्राहीला निरोप मिळाला की स्नायू सैल पडतात आणि श्वास मोकळा होतो.

ही घंटा दिसते कशी, याचा ध्यास घेतला ब्रायन कोबिल्का यांनी. अमेरिकेतल्या लिटल फॉल्स या लहानशा गावातला हा मुलगा. वडील आणि आजोबा दोघंही बेकरीवाले! कोबिल्का शिकून डॉक्टर झाले आणि १९८४ मध्ये ड्यूक विद्यापीठात रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्या हाताखाली संशोधन करायला गेले. १९८६ मध्ये त्या गटाला ग्राहीचा जीन हाती लागला. ग्राहीचं सविस्तर चित्र मात्र मिळालं थेट २००७ मध्ये, आणि 'जी' प्रथिनाला निरोप देताना तो पकडला गेला २०११ मध्ये. मोजा बरं, किती वर्षं झाली?

एवढा उशीर का? आधी प्रथिनाचे स्फटिक करावे लागतात, आपल्या खडीसाखरेसारखे. मग त्यांवर क्ष-किरण टाकून आकार ओळखायचा. पण हे प्रथिन राहतं स्निग्ध आवरणात. बाहेर काढलं की त्याची घडीच मोडते. शिवाय ते सारखं चुळबुळ करतं, प्रार्थनेच्या रांगेतल्या पहिलीच्या पोरांसारखं! शेवटी मदतीला आला उंटाचा भाऊबंद, लामा. त्याच्या रक्तातली इवलीशी प्रतिपिंडं ग्राही आणि 'जी' प्रथिन यांच्या जोडीला घट्ट धरून ठेवतात, असं दिसून आलं. २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना मिळालं. पण २०११ च्या त्या शोधनिबंधात पहिलं नाव आहे डेन्मार्कच्या सोरेन रासमुसेन यांचं. कोबिल्कांच्या प्रयोगशाळेत ते पीएच.डी. नंतरचं संशोधन करायला गेले होते.

यालाच 'पोस्टडॉक' म्हणतात. बारावी, पदवी, पदव्युत्तर, मग पीएच.डी., आणि त्यानंतर दुसऱ्या एखाद्या शास्त्रज्ञाकडे काही वर्षं उमेदवारी. "बाई, अजून किती शिकायचं?" असा प्रश्न आमच्या वर्गात आलाच! पण इथे फी भरायची नसते, उलट पगार किंवा शिष्यवृत्ती मिळते. युरोपातली एम्बो ही संस्था दोन वर्षांपर्यंत शिष्यवृत्ती देते, मात्र काम करायला परदेशी जाण्याची अट असते. एरवी जाहिरात पाहून अर्ज करतात, नाहीतर थेट शास्त्रज्ञाला पत्र लिहितात : मी हे केलंय, तुमच्याकडे येऊन हे करीन.

पालकांनाही एक सांगते. तिशी उलटली तरी "अजून शिकतोच आहे" म्हणून अशा मुलाला नातेवाईक टोमणे मारतात. ते शिकणं नसतं, ती नोकरीच असते. मात्र ती पक्की नसते. मुदत संपली की पुन्हा शोधाशोध, आणि कायमच्या जागा थोड्या. हे आधी ठाऊक असलेलं बरं.

आपल्याकडचं उदाहरण हवंय? अरुण शुक्ला जर्मनीत पीएच.डी. झाले, मग लेफ्कोविट्झ यांच्याकडे पोस्टडॉक म्हणून गेले. आता आयआयटी कानपूरमध्ये याच ग्राहींवर त्यांची स्वतःची प्रयोगशाळा आहे. २०२१ चा भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला.

तुमच्यातला एखादा चुणचुणीत वाचक म्हणेल, "आता संगणकच प्रथिनांचे आकार सांगतो, मग माणसं कशाला?" खरंय, त्या कामालाही २०२४ चं नोबेल मिळालं. पण घंटा वाजताना नेमकं काय हलतं, किती वेळ हलतं, कुठलं औषध तिला अर्धवटच वाजवतं, हे अजून प्रयोगशाळेतच तपासावं लागतं. जीवशास्त्रवाले तिथे असतातच, पण भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि संगणकवालेही लागतात.

दम्याच्या पंपातलं सालब्युटामॉल हीच घंटा वाजवतं. घरात कुणाकडे पंप असेल, तर मोठ्यांना विचारून त्यावरचं नाव वाचा. पंप स्वतः ओढून बघायचा नाही हं!